खालाची दुघडी

दुकानात कोणतंही कापड समोर टाकलं की खाला आधी ते तोंडाला लावायची आणि जोरात फुंकर मारायची. कापडाच्या पलीकडे दुसऱ्या हाताचा तळवा धरलेला असायचा. तळव्याला वारा लागला तर नुसतं "हं" म्हणायची. नाही लागला तर कापडाची घडी करून माझ्याकडे सरकवायची आणि सांगायची, "शेठ, हे ट्रकले घाला. ट्रकले घाम नाही येत."

चिखलीच्या बाजारात माझं ताडपत्री, दोर आणि घोंगड्यांचं दुकान. आता मुलगा बघतो. तुमच्यापैकी ज्यांनी दुकानदारी केली आहे त्यांना ठाऊक असेल, गिऱ्हाईक कापड बोटांत चोळून बघतं, उजेडाकडे धरून बघतं, नखानं धागा ओढून बघतं. फुंकणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं, सगळा बाजार जिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा ती.

फुंकर झाली की पाणी. पिशवीतून बाटली काढायची, कापडाचा खोलगा करून त्यात ती ओतायची आणि तो खोलगा माझ्या काउंटरवर अधांतरी धरून बाजारातल्या गप्पा सुरू करायची. खालून थेंब पडतो का, याकडे एक डोळा.

"अहो खाला, किती वेळ धरसान?"

"पाऊस काय तुमाले विचारून थांबते?"

बरेचदा तो खोलगा माझ्या बिलबुकावर रिकामा व्हायचा. "पाह्यलं?" ती मलाच दरडावायची, "गळते का नाही? आन तुम्ही म्हणत होते, वॉटरप्रूफ हाय!"

हे सगळं एका घोडीसाठी. घोडीचं नाव नूरी. घोडी म्हणायचं इतकंच, उंचीनं तट्टूच होती. पांढरी, पोटानं गोल, आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाला कंटाळल्याचा भाव. आजूबाजूच्या गावांतल्या निम्म्या नवरदेवांनी तिच्या पाठीवरून लग्नाला जाण्याचा मान घेतला होता. आधी खालाचा नवरा तिला घेऊन जायचा. तो गेल्यावर मलकापूरच्या जावयानं सांगितलं, घोडी विका आणि आमच्याकडे येऊन राहा. खालानं जावयाला पोटभर जेवू घातलं, बसमध्ये बसवून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट पायांत चढवून, डोक्यावरचा पदर कानामागे खोचून नूरीचा लगाम स्वतः धरला.

पहिल्या वरातीत पोरं हसली. कोणीतरी ओरडलं, "अबे, नवरदेवाले बाई घेऊन चालली!"

खालानं मागे वळूनही पाहिलं नाही. "आजपासून बाईच नेणार हाय त्याले," ती म्हणाली. "तवा सवय होऊ द्या."

नवरदेवासकट सगळे हसले, आणि त्या दिवसापासून तिची घोडी ठरवताना लोक आवर्जून म्हणायचे, खाला स्वतः येणार असेल तरच.

आता तिची अडचण सांगतो, म्हणजे त्या फुंकरीचा अर्थ कळेल. आपल्याकडचा लग्नाचा मोसम आणि आपल्याकडचं हवामान यांचं एकमेकांशी कधीच पटलेलं नाही. दुपारी घोडी घेऊन निघावं तर उन्हानं तिची पाठ तापायची. संध्याकाळी बँड, फटाके आणि नाचणारी गर्दी यांत ती घामानं निथळायची. वरात संपून घराकडे चालायला लागावं तर गार वारा सुटायचा. आणि फाल्गुनाच्या सुमाराला आभाळ भरून आलं की गारासुद्धा. एका फेरीत तीन ऋतू. एका हिवाळ्यात नूरी खोकू लागली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की घामेजल्या अंगावर गार वारा बसतो आहे. असाच आणखी एक हिवाळा गेला तर हिच्या छातीचं काही खरं नाही. वरातीचं तर नावच काढू नका.

"आन नूरी बसली म्हणजे मीबी बसली," खाला मला म्हणाली. "मंग जावई येईन, मले मलकापूरले नेईन आन टीव्हीपुढं बसवीन. मले टीव्हीपुढं नाही बसायचं, शेठ."

"मग तीन झुली घ्या. उन्हाची, पावसाची, थंडीची."

"आन तिसरी झूल उचलाले दुसरी घोडी देता?"

पायी चालणाऱ्या बाईला एकच झूल सोबत नेता येणार होती आणि त्या एकीनं सगळं सांभाळायचं होतं. ऊन लागू द्यायचं नाही, पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि आतला घाम बाहेर जाऊ द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही करून बघा.

माझ्याकडची ताडपत्री पावसाला पक्की, पण तिच्याखाली नूरी भाजीसारखी वाफलली. घोंगडी थंडीला उत्तम, पण एका सरीत तिचं वजन नूरीएवढं झालं. माझ्या नातवानं मोबाइलवर परदेशातल्या घोड्यांचे फोटो दाखवले. छातीवर बक्कल, पोटाखालून पट्टे, शेपटीला वेगळं झाकण. खालानं डोळे बारीक करून एकेक फोटो पाहिला. "घोड्याच्या जन्माले याव तं तिकडं," ती म्हणाली, "इकडं माणसालेबी एवढं नाही भेटत." मग नातवाला विचारलं, "याच्यातून फुंकून दाखवते काय रे मोबाइल?"

प्रत्येक नमुना ती घरी नेऊन आधी स्वतःच पांघरून झोपायची. सकाळी दुकानात यायची ती निकाल घेऊनच. "मले घाम फुटला." "मले खाज सुटली." "हे बरं हाय, पण रातभर कडकड वाजते. नूरी बिथरन. मीच दोनदा उठून बसली."

शेवटी मालाच्या ढिगाऱ्यातून एक जाड सुती कॅनव्हास निघाला. जुन्या तंबूंना वापरायचे तसला. खालानं फुंकलं, तळव्याला वारा लागला. पाणी ओतलं, सुरुवातीला दोन थेंब पाझरले आणि मग धागे फुगून बसले. पुढे थेंब नाही. खाला खोलगा तसाच धरून खालून बोट फिरवत राहिली. 

"हेच," ती म्हणाली. "आता माप घ्या."

आणि इथेच, वाचकहो, मी माती खाल्ली.

खालाला मीटर, फूट यांच्याशी देणंघेणं नव्हतं. तिनं नूरीला विती टाकून मोजलं होतं. आयाळ संपते तिथून शेपटीपर्यंत इतक्या विती, पाठीच्या कण्यापासून पोटाखाली इतक्या. ती कापडावर हात ठेवून खूण करायला वाकली होती. आठवडी बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी, दोर मोजून मागणारे चार जण खोळंबलेले.

"राहू द्या खाला, सांगा नुसतं. वीत म्हणजे वीत."

"माह्या वितीनं हां, शेठ."

"हाव, हाव."

मी आत मशीनवर बसणाऱ्या कारागिराला विती सांगितल्या. कोणाच्या, ते सांगितलं नाही. खालाचा हात शाळकरी पोरीएवढा. आमच्या कारागिराचा पंजा म्हणजे फावडं. त्यानं आपल्या हातानं मापलं, कापलं आणि दणकट टाके घालून शिवून टाकलं. झूल झाली ती एखाद्या मोठ्या घोड्याची. खाला घ्यायला आली तेव्हा दुपारी डोणगावला वरात होती आणि तिला घाई होती. तिनं झूल खांद्यावर टाकली आणि निघाली. मोठी वाटते का, हा विचार माझ्या मनात आला होता. मी तो गिळला.

डोणगावच्या त्या लग्नाचं मलाही निमंत्रण होतं. नवरदेवाचे वडील माझे जुने गिऱ्हाईक. वरात निघायच्या बेताला आभाळ फुटलं. सगळे शाळेच्या पत्र्याखाली शिरले. खालानं नूरीवर झूल टाकली आणि पट्टे ओढून ओढून बांधले. सर ओसरली, पण मुहूर्त टळत होता. नवरदेवाचे वडील ओरडू लागले, "झूल राहू दे, वरूनच बसव त्याले!" खाला म्हणाली, "ढिली हाय झूल, काढू द्या." कोणी ऐकलं नाही. दोघांनी नवरदेवाला उचलून वर ठेवलं.

चौकापर्यंत सगळं नीट होतं. मग वारा झुलीच्या मागच्या लांबलेल्या भागात शिरला आणि ती शिडासारखी फुगली. नूरी दचकली. लोंबणारी कड मागच्या पायात आली आणि ती बाई, म्हणजे नूरी, कुत्र्यासारखी मागच्या मागे बसली. नवरदेव तिच्या पाठीवरून घसरगुंडीवरून यावा तसा खाली आला. फेटा, बाशिंग, नवा कोट सगळं चिखलात. त्याला इजा काहीच झाली नाही. बँडवाले मात्र इतके तल्लीन होते की त्यांनी तो पडल्यानंतरही पूर्ण कडवं वाजवलं.

आधी हशा झाला, नंतर आवाज चढले. जनावराला कोण दोष देणार, म्हणून सगळे खालावर घसरले. कोणीतरी मला गाठलं. "शेठ, झूल तुमच्याच दुकानची ना?"

मी म्हणालो, "शिवली आम्ही. माप बाईनंच देलं."

या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर ते मला इतकी वर्षं बोचत राहिलं.

खालानं माझ्याकडे पाहिलं. नूरीच्या पायातली कड सोडवत होती, हात तिथेच थांबले. मग ती पुन्हा गाठ सोडवू लागली.  आणि खाला काही बोलली नाही म्हणजे कबूल झाली, असा लोकांनी अर्थ घेतला. डोणगाव आणि त्या बाजूच्या खेड्यांनी पुढे तिला बोलावणं बंद केलं. घोडी चांगली आहे, म्हणायचे, पण बाईला माप कळत नाही.

त्या मोसमात ती इकडच्या बाजूच्या वरातींवर कशीबशी तरली. झूल मात्र तिनं परत आणली नाही. घरीच उसवली, जास्तीचं कापड कापून न टाकता मागच्या बाजूला आतून दुमडलं आणि त्या घडीला नवऱ्याच्या जुन्या सुती धोतराचं अस्तर लावलं. ऊन असेल तेव्हा घडी पुढे उलटून ठेवायची, पाठीवर दुहेरी सावली, कंबर वाऱ्याला मोकळी. थंडी असेल तेव्हा घडी मिटून कंबरेवर दुहेरी. पाऊस आला की घडी सोडायची, शेपटीपर्यंत छप्पर. वर खांद्याच्या उंचवट्यापाशी एक फट ठेवली, घामाची वाफ जायला. त्या झुलीला खाला दुघडी म्हणायची.

त्या हिवाळ्यात नूरी एकदाही खोकली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी झूल उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, कुठून आणली? खाला म्हणाली, शेठच्या दुकानातून. कापडाबद्दल ते खरंच होतं. झालं! डॉक्टरांनी मेहकरच्या घोडेवाल्याला माझं नाव सांगितलं, त्यानं आणखी कोणाला. लोक दुकानात येऊन "शेठची दुघडी" मागू लागले. मी खालाला विचारून तशा शिवून घेतल्या. तिनं स्वतः आत बसून आमच्या कारागिराला घडी कशी घालायची ते दाखवलं, त्याच्या पंजावर चापट्या मारत. "हा हात हाय का सूप? बारीक टाका घाल!" पण पाटीवर नाव लागलं ते माझ्या दुकानाचं. चूक माझी होती, ती तिच्या नावावर गेली. अक्कल तिची होती, ती माझ्या नावावर आली. मी दोन्ही वेळा गप्प बसलो.

असं काही वर्षं चाललं. ती बाजाराच्या दिवशी यायची, नवा माल फुंकून जायची, माझ्या बिलबुकावर पाणी सांडून जायची. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. कारागिराचा पंजा, गर्दी, माझी घाई, डोणगावातलं ते वाक्य.

खाला हसायला लागली. तोंडावर पदर धरून हसली, मग पदर सोडून हसली.

"शेठ, माही वीत माह्याच हाताले हाय. घरी जाऊन झूल मोजली तवाच समजलं मले."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"त्याच्या आधी तुम्ही मले गठ्ठ्यावर बसवत होते. डोणगावच्या बादमधी खुर्ची देऊ लागले. मी म्हटलं, चालू द्या. खरं निघालं तं खुर्ची जाईन."

मी खरोखरच तिला खुर्ची देऊ लागलो होतो. मला स्वतःला ते कधी जाणवलं नव्हतं.

मग तिनं हसणं आवरलं. "पण मले सांगून काय फायदा? मले तं माहीत हाय. डोणगाववाल्याईले सांगा. ते अजून म्हणतात, खालाले मापातलं समजत नाही."

"सांगतो."

"कधी?"

"जातो ना एकदा."

"हं," ती म्हणाली. पण तळव्याला वारा लागल्यावरचं ते "हं" नव्हतं.

मी गेलो नाही. आधी गुडघे दुखत होते, मग पाऊस होता, मग लग्नाचा मोसम संपला होता. दरम्यान खालाचेही गुडघे बोलू लागले आणि जावई जिंकला. पण ती टीव्हीपुढे बसली नाही. नूरीला सोबत घेऊनच मलकापूरला गेली आणि लगाम लेकीच्या हातात दिला. बाजेवर बसून लेकीच्या चुका काढायची, असं ऐकलं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडी निरोप आला की खाला गेली. झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी जावयानं आणलेलं नवं ब्लँकेट फुंकून परत केलं होतं म्हणे.

त्यानंतर मी मुलाला म्हणालो, मला डोणगावला घेऊन चल.

त्या वेळचा नवरदेव आता दोन पोरांचा बाप आहे. त्याच्या ओट्यावर बसून, त्याचे म्हातारे वडील आणि शेजारचे चार जण ऐकत असताना, मी वितीची गोष्ट सांगितली. म्हातारा कानावर हात धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे माप बाईचं बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"आन आम्ही तिले..." 

आतून त्याची सून बाहेर आली. म्हणजे त्या दिवशीची नवरी. ती म्हणाली, "मले तं त्या खाला आवडल्या होत्या. हे चिखलात पडले, सगळे बोंबलत होते, आन त्या मांडवात येऊन माह्या कानात सांगून गेल्या, पोरी, तुहा नवरा पडल्यावर हसत उठला, शिव्या देत नाही उठला. घाबरू नको. मी तवा रडत होती, रडणं थांबलं माहं."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. हे त्याला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "धाकट्याचं लग्न हाय यंदा. घोडी तीच पाह्यजे. खालाले सांगा, मी सोता घ्याले येतो."

मग मला दुसरीही गोष्ट सांगावी लागली.

पण घोडी तीच आली. खालाची लेक नूरीला छोट्या टेम्पोतून मलकापूरहून घेऊन आली. नूरी म्हातारी झाली आहे, पोट आणखी गोल झालं आहे, चेहऱ्यावरचा कंटाळा तेवढाच. छाती मात्र ठणठणीत. आभाळ भरलेलं होतं म्हणून लेकीनं पाठीवर दुघडी टाकली आणि धाकटा नवरदेव वर बसला. मोठा भाऊ झुलीची मागची कड दोन्ही हातांत धरून, परीक्षेला निघाल्यासारखा, नूरीच्या मागे मागे चालत होता. लोक त्याची थट्टा करत होते. मी मुलाच्या आधारानं मागून चाललो होतो आणि जो भेटेल त्याला सांगत होतो, ही खालाची दुघडी. माझी नाही, खालाची.

चौकात, चहाच्या टपरीपाशी, नूरी आपणहून थांबली.

लेकीनं लगाम ओढला. नूरी हलली नाही. नवरदेवानं वरून विचारलं, काय झालं? म्हातारा मुहूर्ताचं काहीतरी बोलायला लागला आणि मध्येच थांबला. लेक टपरीकडे पाहत होती. टपरीवाला हातात गाळणी धरून आमच्याकडे पाहत होता.

"पहिले डोणगावले आली की अम्मी इथं च्या घ्यायची," लेक म्हणाली. "घोडी तशीच उभी ठेवून." मग तिनं लगाम सैल सोडला आणि बँडवाल्यांना हात केला. "वाजवा तुम्ही. अम्मीचा च्या होऊ द्या."

बँड वाजत राहिला. एक कप चहा बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायला जितका वेळ लागतो तितका वेळ अख्खी वरात भर चौकात उभी होती. मग नूरीनं मान हलवली आणि चालू लागली.